पलटणीचे बोलावणे आणि मालकाचा शब्द

कोल्हापुरात टेंबलाईची टेकडी म्हटली की बाहेरगावच्या माणसाला देवीचे देऊळ आठवते आणि आषाढातली त्र्यंबोलीची यात्रा आठवते. पण आमच्या जिल्ह्यातल्या तरुण पोरांना त्याच नावाबरोबर आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे तिथली पलटण. कागदोपत्री तिचे नाव १०९ इन्फंट्री बटालियन, प्रादेशिक सेना, मराठा लाइट इन्फंट्री असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती नुसती ‘टी. ए.’

या टी. ए. ची एक अट ऐकून नवखा माणूस चक्रावतो. एरवी पोरगा लष्करात का जातो, तर नोकरी नाही म्हणून. इथे उलटे आहे. ज्याचे आधीच काही पोटापाण्याचे साधन आहे, त्यालाच ही सेना घेते. कारण ही नागरिकांची सेना आहे. एरवी आपापला धंदा करायचा, ठरावीक काळ कवायतीला यायचे आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवायचा. म्हणजे सैन्य आधी विचारते, तुला नोकरी आहे ना? आणि मग एके दिवशी त्याच नोकरीवरून त्याला उठवून नेते.

मे २०२५ मध्ये सीमेवर ताण वाढला. केंद्र सरकारने अधिसूचना काढून सेनाप्रमुखांना प्रादेशिक सेनेचे अधिकारी व जवान बोलावून घेण्याचा अधिकार दिला. त्या सेनेच्या एकंदर ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी तैनातीसाठी मंजूर झाल्या. ही बातमी आली त्या आठवड्यात मी उद्यमनगरात एका ओळखीच्या कारखानदाराकडे बसलो होतो. कारखाना म्हणजे काय, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि पाच माणसे. त्यांतला एक टी. ए. चा. मालक मला म्हणाले, “सर, हा उद्या गेला तर लेथवर कुणाला बसवू? बरं, नवा माणूस ठेवला, आणि सहा महिन्यांनी हा परत आला, तर ह्याला कुठं बसवू?” तो कामगार शेजारीच हात पुसत उभा होता. तो हसून म्हणाला, “मालक, मी परत यायचं बघतो, जागंचं तुम्ही बघा.”

या दोन वाक्यांत मला एक मोठा इतिहास दिसला. शिपाई परत येणार ही त्याची जबाबदारी. पण तो परत आल्यावर त्याची जागा शिल्लक असणे ही कुणाची जबाबदारी? राजाची, गावाची, भावाबंदांची, की मालकाची? आपल्या या मुलखात या प्रश्नाला वेळोवेळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

सगळ्यांत जुने उत्तर पंचांगातच आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, मुलूखगिरीवर जायचे आणि पावसाळा तोंडावर आला की माघारी फिरायचे. शिवछत्रपतींच्या लष्कराचा हा क्रम कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगितला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीत, आणि दसरा झाला की आठ महिने परमुलखात. यामागे घोड्यांचा दाणावैरण आहे, नद्यांचे पूर आहेत, हे खरेच. पण ज्या सैन्यात कुणब्याची पोरे मोठ्या संख्येने होती, त्या सैन्याला शेतीचे वेळापत्रक मोडून चालण्यासारखे नव्हते. शेत हाच त्याचा मालक होता, आणि या मालकाशी रजेचा करार ऋतूंनीच करून ठेवला होता.

तरी मोहीम लांबली तर? माणूस पडला तर? पेशवाईच्या दफ्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी जी नेमणूक करून देत, ती बालपरवेशी. शब्द किती साधा आहे पाहा. बाल आणि परवरिश. म्हणजे ज्याने चाकरीला बोलावले त्यानेच मागच्यांचे पाहायचे, ही समजूत आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकाआधीची आहे. अर्थात ती सर्वांना सारखी मिळत असे असे समजू नये. सरदाराच्या घरी सनद पोचे. साध्या प्याद्याच्या घरी पोचायला कुणी शब्द टाकणारा लागे.

इंग्रजी अमलात चित्र बदलले. इंग्रजांनी पगारी, कायम पलटणी उभ्या केल्या आणि १८८८ साली राखीव सैन्याचा कायदा केला. काही वर्षे पलटणीत काढायची, मग ‘रिझर्वात’ यायचे. घरी राहायचे, थोडासा भत्ता घ्यायचा, अधूनमधून कवायतीला हजर व्हायचे आणि हुकूम आला की निघायचे. आमच्याकडच्या जुन्या घरांत अजूनही ‘आजोबा रिझर्वात आले होते’ असे बोलणे ऐकू येते. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाने तर फौजेशी असलेले नाते आपल्या नावातच बांधून घेतले आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि हे हुकूम गावोगाव आले. राजर्षी शाहू महाराजांनी भरतीला हातभार लावला. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या. तिथे कुत-अल-अमारा या गावी त्यांच्याभोवती तुर्कांचा वेढा पडला. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. बगदाद, मोसूल आणि तिथून रास-अल-ऐन असे त्यांना वाळवंटातून चालवत नेले, रेल्वेच्या कामावर जुंपले. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले.

आता इकडचे पाहा. जो वाचला तो घरी आला १९१९ च्या सुमारास. म्हणजे १९१४ साली गेलेला माणूस चारपाच वर्षांनी परतला. मधल्या काळात इकडे काय झाले होते? १९१८ साली पावसाने दगा दिला, दुष्काळ पडला आणि त्याच साली इन्फ्ल्युएंझाची साथ आली. मुंबई इलाख्यात गावेच्या गावे आजारी होती. लढाईवर गेलेला जिवंत आणि घरी राहिलेला भाऊ गेलेला, असेही घडले. मग नांगर कुणाच्या हाती? गहाण पडलेली जमीन कुणी सोडवायची? याचे उत्तर सरकारी कायद्यात नव्हते. ते भावकीत होते. चुलत्याने शेत केले असेल तर शेत राहिले. सावकाराने केले असेल तर गेले. सप्टेंबर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अशी मंडळे काम करू लागली. त्यांचाच आजचा वारस म्हणजे आपले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पण ही झाली मदतीची व्यवस्था. मालकावर कर्तव्य घालण्याची गोष्ट अजून लांब होती.

आणि तोवर मालक नावाचा माणूस आमच्या गावातही आला होता. १९०६ साली कोल्हापुरात शाहू मिल निघाली. मुंबईच्या गिरण्यांत तर आमच्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची माणसे आधीपासून होती. शेतावर भाऊ उभा राहू शकतो. साच्यावर मात्र बदली कामगार उभा राहतो, आणि बदली कामगारालाही पोट असते. शिपायाची जागा राखून ठेवायची ही अडचण खरी सुरू झाली ती इथून. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडातही अनेक मालकांनी जागा राखून ठेवण्याचे शब्द दिले होते. पण तो नुसता शब्द होता. युद्ध संपल्यावर धंदा बसला, तेव्हा तो शब्द पाळायला लावणारे कुणी नव्हते.

तो शब्द कायद्यात उतरला दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. १९३९ साली ब्रिटनने सक्तीची भरती सुरू केली आणि त्याबरोबरच लिहून ठेवले की बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. १९४४ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला आणि परत घेतल्यावर त्याला निदान किती आठवडे ठेवले पाहिजे तेही ठरवले. पूर्वी वर्षभर काम केलेल्याला ५२ आठवडे, त्याहून कमी केलेल्याला २६. अमेरिकेने १९४० च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात असेच कलम घातले. मुक्तता झाल्यावर ४० दिवसांत अर्ज करायचा आणि परत घेतलेल्याला एक वर्ष विनाकारण काढायचे नाही.

आपल्याकडे १९४५ साली लाखो शिपाई मोकळे होऊ लागले. त्यांना काम शोधून द्यायला जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार यांचे खाते निघाले. पुढे ज्या ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ मध्ये आपल्या शाळा-कॉलेजांतून निघालेल्या पोरांनी नावे नोंदवली, त्याची सुरुवात या शिपायांसाठी झाली, हे शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावे. पण तिथेही सूर असा होता की जुनी जागा गेली ती गेली, आता नवी शोधू.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण भारतीय सैन्यात जाऊन १९ मराठा झाली. म्हणजे एका वर्षात कोल्हापूरच्या शिपायाचा धनी बदलला. छत्रपतींची चाकरी संपली, प्रजासत्ताकाची सुरू होत होती.

या १९४८ च्या कायद्याची कलमे चाळताना एक गंमत दिसते. कलम ७ नंतर ८ न येता ७-अ आणि ७-ब येते. आकड्याला अक्षर चिकटले की समजावे, हे कलम मागाहून घातलेले आहे. कलम ७ म्हणते, बोलावले की आले पाहिजे. तो आल्यावर त्याच्या नोकरीचे काय, हे सांगणारी ७-अ आणि ७-ब ही कलमे दुरुस्तीने आली. आधी बोलावणे लिहिले गेले, परतीची वाट मागाहून लिहिली गेली. मला वाटते, जगातल्या बहुतेक सरकारांना हे असेच सुचत आले आहे.

आता हे ७-अ काय सांगते ते नीट ऐका, कारण गावाकडे हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ७ खाली लष्करी सेवेला बोलावलेला माणूस ज्याच्याकडे नोकरीला होता, त्या प्रत्येक मालकावर कर्तव्य आहे की सेवा संपल्यावर त्याला परत कामावर घ्यावे. नुसते घ्यावे असे नाही. नोकरीत खंड पडला नसता तर आज तो ज्या कामावर आणि ज्या अटींवर असता, त्याहून कमी नसलेल्या अटींवर घ्यावे. बरोबरच्या माणसांची पगारवाढ झाली असेल, तर याला जुन्या पगारावर बसवून मी कायदा पाळला असे म्हणता येत नाही.

मालकाने नकार दिला, किंवा घेणे शक्य नाही असे म्हटले, तर दोघांपैकी कुणीही नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. अधिकारी चौकशी करून तीनपैकी एक निकाल देतो. मालकाला या कर्तव्यातून मोकळे करतो, किंवा योग्य त्या अटींवर कामावर घ्यायला सांगतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायला लावतो. हुकूम मोडणाऱ्या मालकाला एक हजार रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे, आणि वर सहा महिन्यांचा पगार. बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर मालकाने घाईघाईने माणूस काढून टाकला, तर तो कर्तव्य चुकवण्यासाठीच काढला असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे मालकाने सिद्ध करायचे. ७-ब हे कलम प्रॉव्हिडंट फंड आणि तशा योजनांबद्दल आहे. तो सेवेत असताना आणि परत कामावर येईपर्यंत त्याचे त्यातले ठरवून दिलेले हक्क चालू राहतात.

शिपायावरही एक बंधन आहे, आणि गावाकडचा माणूस नेमका इथे फसतो. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याने कामावर परत घ्या म्हणून मालकाकडे अर्ज केला पाहिजे. केला नाही, तर ‘याने मागितलेच नाही’ हा मालकाचा चांगला बचाव ठरतो. आमच्याकडे माणूस परत आला की देवदर्शन, पैपाहुणे, एखादे लग्न, मग उसाची तोड. त्यातच दोन महिने निघून जातात. तोंडी सांगितले होते, मालक ‘बघू की’ म्हणाले होते, हे कामाला येत नाही. अर्ज कागदावर, तारखेसह, आणि पोच हातात.

कायदा चांगला आहे. पण तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे? मोठी गिरणी, रेल्वे, बँक, सरकारी कचेरी. तिथे मस्टर असते, सेवापुस्तक असते, जागेवर हक्क राखून ठेवण्याची रीत असते. सरकारी नोकर टी. ए. मध्ये असेल तर त्याची रजा, वेतनवाढ, निवृत्तिवेतनाला धरायची सेवा यांसाठी नियम आहेत. हेडमास्तरांना ते बघता येतात. आमच्या जिल्ह्याचे चित्र मात्र वेगळे आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर नगावर मजुरी घेणारा, साखर कारखान्यात हंगामापुरता लागणारा, गुऱ्हाळावरचा गुळव्या, फौंड्रीत ठेकेदाराकडून आलेला मोल्डर. यांतल्या कितीजणांचा मालक कागदावर सापडेल? हंगामी माणसाला हंगाम संपल्यावर काढले की हुकूम आला म्हणून काढले, हे कोण ठरवणार? आणि जो स्वतःच्या दोन एकरांत राबतो किंवा पानपट्टी चालवतो, त्याचा मालक तोच. त्याने अर्ज कुणाकडे करायचा? त्याच्यासाठी आजही १९१४ चेच उत्तर आहे, भावकी.

दुसरी गोष्ट काळाची. ही सेना मनात धरली गेली ती वर्षातून दोनेक महिन्यांची कवायत आणि युद्ध झालेच तर बोलावणे, अशी. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती बोलावली गेली. पण पुढे जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडच्या बंदोबस्तासाठी पलटणी दीर्घ काळ बोलावलेल्याच राहू लागल्या. दोन महिने माणूस नसणे आणि दोन वर्षे नसणे यांत मालकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा महिन्यांचा पगार आणि हजार रुपये दंड, हे आकडे जेव्हा घातले तेव्हा त्यांना वजन होते. आज हजार रुपयांत लेथचे एक बरे हत्यार येत नाही.

मी कामगाराच्या बाजूने बोलतो आहे खरा, पण उद्यमनगरातल्या त्या मालकाचा प्रश्नही मला खोटा वाटत नाही. पाचांतला एक गेला म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा गेला. मोठ्या कंपनीला हजारातला एक जाणवत नाही. ब्रिटनने अलीकडच्या काळात हे ओळखले. तिथे राखीव सैनिक बोलावला गेला तर मालकाला सूट किंवा मुदत मागता येते, आणि बदली माणसावर होणाऱ्या जादा खर्चासाठी सरकारकडे पैसेही मागता येतात. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने एकंदर पाच वर्षांपर्यंतच्या सेवेनंतरही माणसाला जुन्या जागेवर हक्क दिला. आपले ७-अ कलम मालकाला कर्तव्य सांगते आणि अगदीच अशक्य असेल तर मोकळे करते. पण कर्तव्य पाळणाऱ्या लहान मालकाला पै ची मदत त्यात नाही. बालपरवेशी देणाऱ्यांना एवढे कळत होते की चाकरी ज्याची, खर्च त्याचा. प्रजासत्ताकाने बोलावणे स्वतःकडे ठेवले आणि जागा राखण्याचा खर्च उद्यमनगरातल्या शेडवर टाकला, हे मला बरोबर वाटत नाही. खर्चाची वाटणी झाली, तर पुष्कळसे मालक अधिकाऱ्यापर्यंत जाण्याची वेळच येऊ देणार नाहीत.

त्या दिवशी मी त्या दोघांना कलम वाचून दाखवले. कामगाराने दोन महिन्यांची मुदत ऐकली आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतली. मालकांनी विचारले, “सर, ह्यात बदली माणसाबद्दल काय लिहिलंय?” मी म्हणालो, काही नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आतून हजेरीचे मस्टर मागवले आणि त्या कामगाराला म्हणाले, “तुझ्या त्या मेव्हण्याला लेथ येतो म्हणत होतास नव्हं? सोमवारपासून त्याला तुझ्या हाताखाली घे. तुला बोलावणं आलंच, तर तू येईपर्यंत मशीन तो चालवील. मस्टरवर तुझं नाव तसंच राहील, त्याच्यापुढं नुसतं ‘पलटण’ असं लिहू.” एवढे बोलून ते पुन्हा लेथकडे वळले. दुपारची पाळी सुरू व्हायची होती.